मुलींचा एसटी पास बारावीला का संपतो?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या बोरीकाठच्या एका गावची मुलगी. वय १८. यंदा बारावी सायन्स झाले. ६०० पैकी ४६९ गुण, म्हणजे ७८.१७ टक्के. ५ मे २०२५ रोजी दुपारी एक वाजता निकाल लागला. दादाच्या मोबाइलवर साइट उघडता उघडेना, शेवटी दीड वाजता गुण दिसले. माय तेव्हा वाळवणाच्या कुरडया उलटवत होती. तिने हात पदराला पुसले, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि काही न बोलता परत कुरडयांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात राज्याचा निकाल ९१.८८ टक्के असल्याची मोठी बातमी होती. मुलींचा निकाल ९४.५८ टक्के, मुलांपेक्षा जास्त. वाचून खूप बरं वाटलं, कात्रण कापून ठेवलं आहे. पण त्या मुली जून-जुलैत कुठे गेल्या, हे छापून येत नाही. आमच्या गावाहून एसटीने कॉलेजला जाणाऱ्या अकरा जणींपुरतं मला ते ठाऊक आहे. तेवढंच लिहिते.

आमच्या गावात हायस्कूल दहावीपर्यंत आहे. सातवीची वार्षिक परीक्षा मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे झालीच नाही आणि आठवीचं जवळजवळ सगळं वर्ष आबांच्या मोबाइलवर गेलं. रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ. टाकीच्या ओट्यावर सहा-सात जणी एका मोबाइलभोवती बसायचो. आबांना शेतात जायचं असलं की तास अर्धाच राहायचा. गणिताचे सर आठवड्यातून एकदा मोटारसायकलवर येऊन आमच्या वह्या तपासून जायचे. गावोगाव फिरून त्यांनी हे केलं, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. नववीत शाळा उघडली तेव्हा अपूर्णांकांची बेरीज विसरलेल्या मुलीही वर्गात होत्या. तरी २ जून २०२३ ला दहावीचा निकाल लागला तेव्हा वर्गातल्या एकोणीस मुलींपैकी अकरा जणी अकरावीला अमळनेरला जायला निघाल्या.

त्या निघाल्या, कारण एसटीचा पास होता. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचं भाडं पडत नाही. आमच्या गावापासून अमळनेर १७ किलोमीटर. पोरीला पुढे शिकवायचं की नाही, हा विषय कुणाच्याही घरात निघाला की कुणीतरी बाई म्हणायचीच, "गाडी फुकट शे ना." तेवढ्यावर बोलणं थांबायचं. मी स्वतः चार घरांत हे ऐकलं आहे. शिक्षणाचं महत्त्व वगैरे आमच्या आयांनी कुठे वाचलेलं नाही, पण गाडी फुकट आहे आणि गाडीत अकरा पोरी सोबत आहेत, या दोन गोष्टी त्यांना पुरल्या.

आमची गाडी मुक्कामी. रात्री यायची आणि सकाळी सहा वीसला परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या मंदिरात झोपायचे आणि त्यांचा सकाळचा चहा आमच्या घरून जायचा, कारण आमचं घर पाराला लागून आहे. कंडक्टरकाका आमचे पास रोज पाहत नसत. चढताना ते आम्हाला मोजायचे. अकरा झाल्या की घंटी. दहाच झाल्या तर विचारायचे, कोण राहिली? एखादी गल्लीतून वेणी घालत पळत येताना दिसली की थांबायचे. मागच्या लांब सीटवर आम्ही सहा जणी दाटीवाटीने बसायचो, बाकीच्या पुढे. माझं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं निम्मं पाठांतर त्या सीटवर झालं. जिथे रस्त्याला खड्डे, तिथे वाचन थांबायचं. दोन वर्षांत खड्डे इतके पाठ झाले होते की पुस्तक कधी मिटायचं ते बाहेर न बघता कळायचं.

पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशीवरून पाणी गेलं की गाडी पलीकडेच थांबते. मग चपला हातात, सलवार गुडघ्यापर्यंत वर आणि एकमेकींचा हात धरून पलीकडे. पाणी जास्त असलं की घरी परत. बारावीच्या पहिल्या चाचणीचा फिजिक्सचा पेपर माझा असाच बुडाला. नंतर घेतला त्यांनी, पण त्या दिवशी फरशीच्या अलीकडे उभी राहून मी रडले होते.

परीक्षा ११ फेब्रुवारीला इंग्रजीच्या पेपरने सुरू झाली. शेवटचा पेपर झाला आणि आम्ही पुस्तकांच्या दुकानासमोर उसाचा रस प्यायलो. सगळ्या अकरा जणी. त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती. संध्याकाळच्या गाडीत काका म्हणाले, "आता तुम्ही मोठ्या झाल्या बायांनो, उद्यापासून मी कुणाला मोजू?" आम्ही हसलो. आज ते आठवलं की हसू येत नाही.

अकरापैकी दोघी इंग्रजीत नापास झाल्या. त्या पुरवणी परीक्षेला बसल्या आहेत आणि त्यांचे फॉर्म भरायला मी सोबत गेले होते. उरलेल्या नऊ पास. त्यातली एक आई-वडिलांसोबत सुरतेला गेली, उधन्याला. तिचे काका साडीच्या कारखान्यात आहेत, तिलाही तिथे पॅकिंगचं काम मिळेल असं ठरलं आहे. खान्देशातल्या गावागावातून सुरतेला माणसं जातात, त्यात नवीन काही नाही, पण ती भूगोलात वर्गात पहिली होती. एक धुळ्याला मामांकडे राहून नर्सिंगला जाणार आहे. एक पोलीस भरतीची तयारी करते. तिची उंची १५७ सेंटिमीटर आहे आणि लागते १५५, हे ती भेटेल त्याला सांगते. पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर ती ८०० मीटर पळते, तिची आई टॉर्च घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असते. मला त्या दोघींचं फार कौतुक आहे. दोघी घरीच आहेत, त्यांच्याकडे पाहुणे येऊन गेले.

आणि एक माझी मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावर बसलेली. आर्ट्सला होती, तिला ८४ टक्के आहेत, आमच्या अकरा जणींत सगळ्यांत जास्त. तिला शिक्षिका व्हायचं होतं. टाकीच्या ओट्यावर आम्हाला इतिहास तीच शिकवायची, मोबाइल बंद पडला तरी तिचा तास सुरू राहायचा. मार्चमध्ये तिला अठरा पूर्ण झाली. शेवटच्या पेपरानंतर आठ दिवसांत सुपारी फुटली, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी बस्ता फाडला आणि मे महिन्यात लग्न झालं. निकाल लागला त्या दिवशी तिला हळद लागलेली होती. मी गुण सांगायला गेले तर हातावर मेंदी होती म्हणून तिने मोबाइल हातात घेतला नाही, मीच तिच्यासमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इतिहासात ९३ पडले, पाहिलंस?"

तिचे आई-वडील वाईट नाहीत. मी त्यांच्या हातचं खाऊन मोठी झाले आहे. तिच्या वडिलांना मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांनी मला हिशोबच सांगितला. पुढची तीन वर्षं भाडं. कॉलेज दुपारपर्यंत, मग प्रॅक्टिकल, म्हणजे संध्याकाळची गाडी. सोबत किती पोरी असतील ते माहीत नाही. त्यात धाकटी नववीला. आणि मुलगा चांगला मिळाला होता. या सगळ्यात भाडं ही सगळ्यांत छोटी गोष्ट आहे, असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी सुरुवात तिथून केली आणि मला वाटतं ते खरं बोलत होते. बारावीपर्यंत मुलीला घरी बसवायचं तर कारण शोधावं लागतं, बारावीनंतर पाठवायचं तर कारण शोधावं लागतं. पास होता तोवर पाठवणं हेच सोपं होतं.

आता भाड्याचा हिशोब. यंदा २५ जानेवारीपासून एसटीची भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के. आमच्या गावाहून अमळनेरचं पूर्ण तिकीट आता ३१ रुपये आहे. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे १६ रुपये. जाऊन येऊन ३२. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ८००. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते. त्यात महिन्याचा पास ६२० रुपयांना पडतो. वर्षाचे दहा महिने धरा, ६,२०० झाले. शहरातल्या वाचकांना ही रक्कम लहान वाटेल. माझी माय निंदणीला जाते, तिला दिवसाचे २५० रुपये मिळतात. महिन्याचा पास म्हणजे तिचे अडीच दिवस. वाकून, उन्हात, दुसऱ्याच्या शेतात.

सरकारने मुलींसाठी काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, ज्यांच्या घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे अशा मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. फार मोठा निर्णय आहे आणि त्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणींनी सीईटीचा फॉर्म भरण्याची हिंमत केली. मीही भरला, पीसीबी ग्रुपचा. एप्रिलमध्ये जळगावला केंद्र होतं. मी आणि आबा आदल्या संध्याकाळीच गेलो, रात्र आत्याकडे काढली. कॉम्प्युटरवर परीक्षा देण्याची ती माझी दुसरीच वेळ. ७१ पर्सेंटाइल आले. तेवढ्यावर धुळ्याच्या सरकारी कृषी महाविद्यालयात नंबर लागणं कठीण. लांबच्या खासगी कॉलेजला मिळेल, तिथली फी माफ होईल, पण खोली आणि मेस कोण भरणार? म्हणून अमळनेरलाच बीएस्सीला प्रवेश घेतला आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. फी झाली, पुस्तकं जुनी मिळाली. आता उरलं ते रोजचं जाणं-येणं.

आबांनी मला विचारलं होतं, "बीएस्सी होईसन काय करशीन?" हा प्रश्न ते मोडता घालायला विचारत नव्हते. माझा चुलत भाऊ बीएस्सी, बीएड आहे आणि तालुक्याला बियाण्यांच्या दुकानात बिलं फाडतो. तलाठी भरती, टीईटी, सगळं त्याने दिलं. आबांच्या डोळ्यांसमोर तो आहे. त्यांना मी काय उत्तर दिलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण मी पुढे का जाते आहे ते त्यात आहे.

आमची तीन एकर जमीन आहे, त्यात कपाशी. २०१७ साली मी पाचवीत होते. त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. बोंडं वरून चांगली दिसायची आणि फोडली की आत काळं, सडलेलं. माय कवडी कापूस वेचून आणायची आणि रात्री कंदिलाजवळ बसून सरकीने चिकट झालेली बोटं धुवायची. आबा कुणाशी बोलत नव्हते. मला तेव्हा वाटायचं की अळी बाहेरून कुठूनतरी येते, पावसासारखी.

बारावीला ऑक्टोबरात मी शेतातून एक फूल डब्यात घालून कॉलेजला नेलं. ते उमललेलं नव्हतं, गुलाबाच्या कळीसारखं पीळ घेऊन मिटलेलं. आमच्याकडे त्याला डोमकळी म्हणतात. जीवशास्त्राच्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली ते उघडलं, आत अळी होती, तांदळाच्या कणीएवढी. मॅडमनी आम्हाला सांगितलं की हंगाम संपताना हीच अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्यामध्ये झोपून राहते, महिनोन् महिने. शेतात फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभीच ठेवली, पऱ्हाटीचे, म्हणजे वाळलेल्या झाडांचे, ढीग बांधावर राहिले, घरात कापूस पडून राहिला, की ती तिथे टिकते आणि पुढच्या कपाशीला फुलं आली की बाहेर पडते. म्हणजे ती पावसासारखी येत नव्हती. आम्हीच तिला वर्षभर घर देत होतो. हे कळलं त्या दिवशी मी गाडीत पूर्ण रस्ता कुणाशी बोलले नाही. पाचवीतली ती रात्र आणि ती चिकट बोटं सारखी डोळ्यांपुढे येत होती. हे तेव्हा आमच्या घरात कुणाला का माहीत नव्हतं?

मॅडमनी दोन कामगंध सापळे मिळवून दिले. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासाने नर पतंग येतात आणि अडकतात. रोज सकाळी मोजायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारायचं, नाहीतर थांबायचं. मी वही केली. सहा वीसच्या गाडीआधी शेतात जाऊन यायचे, शेत गावाला लागूनच आहे. ११ ऑक्टोबरला ४, १२ ला ६, १३ ला ९, १४ ला ११, १५ ला ८. तेव्हा आबांनी फवारणी केली. त्याआधी दुकानदार म्हणाला म्हणून जी फवारणी ते करणार होते, ती मी थांबवली होती. मला भीती वाटली होती, माझं चुकलं असतं तर? पण आबा वही हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "तू मोजेल से ना? मंग बरोबर." जानेवारीत त्यांनी फरदड ठेवली नाही, पऱ्हाटी उपटून शेत मोकळं केलं. शेजारच्या दोन शेतांत फरदड उभीच होती, त्यामुळे आमच्या एकट्याच्या शेताने काय होणार हे मला कळतं. कापूस १४ क्विंटल झाला. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता, पण केंद्रावर थांबायला वेळ नव्हता, खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, ६,९०० ने दिला.

आबांना मी सांगितलं ते एवढंच. गावात दोनशे शेतकरी कपाशी लावतात आणि अळीचं हे चक्र समजावून सांगणारं गावातलं माणूस एकही नाही. मला ते व्हायचं आहे. बीएस्सी करीन, जमलं तर जळगावला विद्यापीठात एमएस्सी करीन, संशोधन केंद्रात काम मिळालं तर सोन्याहून पिवळं. नाही मिळालं तरी दोनशे शेतांत सापळे लावून मोजायला मला कुणाची नेमणूक लागणार नाही. आबा काही बोलले नाहीत. माय आतून म्हणाली, "पैसा मी देसू. तू जाय." तिने जुलैचे ६२० रुपये दिले आहेत.

मला वाईट वाटतं ते याचं की, माझी मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार आहे आणि तिच्यासाठी हे बोलणं कुणाच्या घरात झालं नाही. मला एक डोमकळी सापडली, एक मॅडम भेटल्या, घर पाराला लागून आणि शेत गावाला लागून. अशा योगायोगांवर किती मुली पुढे जाणार?

म्हणून माझी मागणी आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीला थांबवू नका, पदवीपर्यंत चालू ठेवा. यंदा ३१ मे रोजी अहिल्याबाईंची ३०० वी जयंती झाली. ठिकठिकाणी कार्यक्रम झाले, आमच्या गावातही फोटोला हार घातला. ज्या बाईने देशभर वाटसरूंसाठी विहिरी खोदल्या, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, तिच्या नावाचा पास आहे हा. तो हातात घेऊन आम्ही दोन वर्षं प्रवास केला आणि जयंतीच्या वर्षीच आमच्या अकरा जणींचा तो संपला. बारावीला वाट संपत नाही, मग पास का संपावा? त्याचबरोबर मुक्कामी गाड्या आणि संध्याकाळच्या गाड्या यांची वेळ ठरवताना कॉलेजांचं वेळापत्रक समोर ठेवावं. सीनियर कॉलेजचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं. सोबतीला गाडी आहे हे घरच्यांना दिसलं तर निम्म्या घरांचा नकार गळून पडेल, हे मी आमच्या गावावरून सांगते.

एक गोष्ट आणखी. अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते, हे आम्हाला प्राथमिक शाळेपासून सांगतात. पण ते तिथलं छात्रालयही सांभाळत, हे मला फार उशिरा कळलं. मुलांची भांडी घासणं, कपडे धुणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, हे सगळं गुरुजी करत. म्हणजे बाहेरगावच्या मुलाने शिकायचं तर त्याची राहण्या-जेवणाची सोय आधी लागते, हे आमच्या तालुक्याला शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी, कुठल्याही जातीच्या मुलीला राहता येईल असं वसतिगृह हवं. ते बांधायला वेळ लागेल, पैसा लागेल. पास वाढवायला फक्त एक आदेश लागतो.

आणि शाळांना, कॉलेजांना हात जोडून एक विनंती. निकालाच्या दिवशी पहिल्या तिघींचे फोटो काढता, जरूर काढा. पण त्याआधी, परीक्षा संपताच, प्रत्येकीच्या घरी एखाद्या सरांनी, मॅडमनी एक चक्कर मारावी. पुढे काय, एवढंच विचारावं. आमचे गणिताचे सर कोरोनात मोटारसायकलवर वह्या तपासायला फिरले होते, तेव्हा हे होऊ शकतं. माझ्या मैत्रिणीच्या ओट्यावर तेव्हा कुणी जाऊन बसलं असतं आणि पोरगी इतिहासात हुशार आहे हो, एवढं म्हटलं असतं, तर कदाचित बस्ता वर्षभर थांबला असता. मी निकालाच्या दिवशी गेले होते, पण मी अठरा वर्षांची, आणि तेव्हा हळद लागलेली होती.

तिच्या सासरच्यांना मी भेटले. चांगली माणसं वाटली. बाहेरून बीए करता येतं, त्यासाठी तालुक्याला रोज यावं लागत नाही, हे मी तिच्या नवऱ्याला समजावून सांगितलं आणि माहितीचा कागद दिला. त्याने घडी करून खिशात ठेवला. मी दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारणार आहे.

गेल्या सोमवारी कॉलेज सुरू झालं. सकाळी सहा वीसला पारावर गेले. पाऊस भुरभुरत होता. गाडीत चढणाऱ्या आम्ही तिघी, मी आणि बीएला जाणाऱ्या दोघी. शिवाय यंदा अकरावीला लागलेल्या सात नवीन पोरी, हातात कोरे पास. काका तेच आहेत. त्यांनी सातांना मोजलं, मग आमच्याकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही तीनच?" मी ६२० रुपयांचा पास पुढे केला. त्यांनी तो बघितला, परत दिला आणि घंटी मारली.

हे पत्र छापलं तर माझं आणि गावाचं नाव छापू नये. माझं नाव आलं तर आजूबाजूच्या चार गावांत माझी मैत्रीण ओळखू येईल आणि तिला नव्या घरी त्याचा त्रास होईल. नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर तुमच्या माहितीसाठी जोडला आहे. सापळ्यांची वही कुणा शेतकऱ्याला बघायची असेल तर तुमच्यामार्फत निरोप द्यावा, मी झेरॉक्स काढून पाठवीन.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी
ता. अमळनेर, जि. जळगाव
जुलै २०२५